शाळेत बांबूकाम शिकवायचं तर कसं? सहावी ते आठवीसाठी आखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गडचिरोली जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सहावी ते आठवीची मिळून तीस मुलं. गावात बुरडकाम करणारी दोन-तीन घरं आहेत, जवळच्या रानात आणि धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर) बांबू आहे. दप्तरमुक्त दिवसांत बांबूकाम घ्यावं असा विचार आहे. पण अभ्यास मागे पडेल का, मुलांच्या हाती सुरा द्यावा का, आणि "टोपल्या विणायला पोरं शाळेत पाठवली का?" असं विचारणाऱ्या पालकांना काय सांगावं, हे शिक्षकांना कळत नाही.

सर, पालकांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. तो सुटला नाही तर बाकीची आखणी कागदावरच राहते.

पालक विचारतात त्यात चूक काही नाही. टोपली, झाडू, चामडं, मडकं, कोसा, आपल्याकडे प्रत्येक कामाला एकेक जात चिकटलेली आहे. अनेक घरांनी पोटाला चिमटा काढून मुलं शिकवली ती कामाच्या त्या शिक्क्यातून सुटण्यासाठी. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या (सी. राजगोपालाचारी) सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. कुळाच्या धंद्याचं शिक्षण म्हणून तिला कडाडून विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. तिथे हस्तकलेचा दोष नव्हता. कोणी काय शिकायचं हे जन्मावरून ठरत होतं, दोष त्यात होता. शाळेत हस्तकला आणताना ही गोष्ट कायम डोळ्यांसमोर ठेवा.

म्हणून पहिल्या दिवसापासून काही गोष्टी पक्क्या करा. काम वर्गातलं प्रत्येक मूल करेल, मुलगे आणि मुली दोघंही, सरपंचांची मुलगी आणि शिक्षकांचा मुलगासुद्धा. बुरडाच्या घरच्या मुलाला "तुला तर येतच असेल, तू दाखव" असं चुकूनही म्हणायचं नाही. कौतुकाने म्हटलं तरी वर्गासमोर त्याची जात उच्चारल्यासारखंच होतं. गावातल्या बुरडांच्या घरून शिकवायला येणाऱ्या मावशींना वर्गात खुर्ची द्यायची, वेळापत्रकावर विषयासमोर त्यांचं नाव लिहायचं आणि मानधन ठरवून द्यायचं. काम सुरू होण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत पालकांना सरळ सांगा की इथे टोपल्या विकायला शिकवत नाही. मोजणी, पदार्थाचे गुणधर्म आणि हाताचं कौशल्य शिकवतो, आणि त्याची वही तुम्हाला दर महिन्याला पाहायला मिळेल. ती वही खरोखर दाखवा. नुसत्या आश्वासनावर पालक का विसंबतील?

आता हे काम शाळेत बसवायचं कुठे? हा प्रश्न विदर्भाला नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिच्यातून गांधीजींची नई तालीम उभी राहिली. झाकीर हुसेन समितीने आखलेल्या दिनक्रमात साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे मुख्य हस्तोद्योगाला होती. कल्पना अशी की भाषा, गणित, विज्ञान हे सगळं उद्योगातूनच शिकवायचं. पण मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा तिला जड गेली. मुलांनी केलेला माल बाजारात आला तर कारागिरांच्याच पोटावर पाय येईल, हा आक्षेप अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी त्या परिषदेतच घेतला होता. पुढे बऱ्याच शाळांत उद्योग येणारे शिक्षक नव्हते, आणि ज्यांना उद्योग येत होता त्यांना त्यातून गणित काढता येत नव्हतं. मग सूत कातायची टकळी एकीकडे फिरत राहिली आणि पुस्तक दुसरीकडे चालत राहिलं.

यातून आपल्यासाठी दोन निष्कर्ष निघतात असं माझं मत आहे. एक, शाळेत केलेली टोपली विकायची नाही, निदान ज्या बाजारात गावातल्या मावशी बसतात तिथे तर नाहीच. दुसरा, कारागीर आणि शिक्षक दोघंही एकाच वेळी वर्गात हवेत. मावशींनी हात शिकवायचा, सरांनी त्याच क्षणी मोजपट्टी, वही आणि प्रश्न पुढे करायचा. मावशींवर वर्ग सोपवून सर ऑफिसात माहिती भरत बसले, तर बांबूकामाचा तास होतो, पण त्यातून शिक्षण होत नाही.

कागदोपत्री जागा तर आहेच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत आणि स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची सोयही आहे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कामाचे तीन प्रकार केले आहेत. त्यांपैकी यंत्रं आणि साहित्य यांच्याशी संबंधित प्रकारात बांबूकाम बसतं. आपल्याकडे कार्यानुभव हा विषय आहेच. अडचण वेगळीच आहे. दहा दिवस सलग घेतले तर पहिले दोन दिवस उत्साह, मग बोटं दुखतात, आणि पाचव्या दिवसापासून निम्मी मुलं बसून राहतात. हाताला सवय व्हायला मधे दिवस जावे लागतात. म्हणून दहापैकी तीन दिवस पूर्ण घ्या आणि बाकीचं काम कार्यानुभवाच्या तासिका जोडून आठवड्यातून एकदा, बारा आठवडे. एकट्या तासिकेत काही होत नाही. कामट्या (बांबू चिरून केलेल्या पातळ पट्ट्या) ओल्या करून वाटण्यात आणि शेवटी झाडून-आवरण्यात वीस मिनिटं जातात, विणायला पंधरा उरतात. किमान ९० मिनिटं सलग हवीत. शनिवार सोयीचा पडतो.

सुरुवात दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या अखेरीस करा. त्याआधी धानाची कापणी असते, हजेरी विरळ. पावसाळ्यात तर विषयच नको. बांबूच्या बेटात नवे वास्ते (कोवळे कोंब) फुटलेले असतात, तोड करायची नसते, आणि दमट हवेत कामट्यांवर काळी बुरशी चढते. काम फेब्रुवारीअखेर संपवा. मार्चपासून ऊन आणि कोरडी हवा इतकी वाढते की भिजवलेली कामटी विणता विणता वाळून तडकते.

बांबू कोणता, हे मावशींना विचारा. त्यांचा शब्द शेवटचा. साधारणपणे मानवेल घेतात. काटेरी कटांग जाड आणि मोठा असतो, पण मुलांना तो झेपत नाही. विणकामाला दुसऱ्या वर्षाचा बांबू चांगला. पहिल्या वर्षाच्या बांबूवर पेरांना आवरणं चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरी भुकटी असते. तो तोडायचा नाही, कारण तो कोवळा असतो आणि बेटाची पुढची वाढ त्याच्यावर असते. दुसऱ्या वर्षी आवरणं गळतात आणि रंग गडद हिरवा होतो. तीन वर्षांनंतर पिवळसरपणा येतो, बुरशीचे ठिपके दिसतात, वाजवला तर आवाज टणक येतो. तो खांबाला, मांडवाला उत्तम, पण टोपलीसाठी ताठ. ही ओळख करून देण्यासाठी पहिला दप्तरमुक्त दिवस बेटाजवळच घालवा. एका बेटातले बांबू वयाप्रमाणे मोजून मुलांनी तक्ता करावा. विज्ञानाचा एक धडा तिथेच होतो.

बांबू आणताना कागदपत्रांचा गोंधळ करून घेऊ नका. एखाद्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावरचा बांबू सगळ्यात सोपा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येत येत नाही. जंगलातला हवा असेल आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, तर ग्रामसभेकडे अर्ज करा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने या हक्काने बांबूचा कारभार स्वतःच्या हातात घेतला, हे आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. मुलांना जरूर सांगा. दोन्ही नसेल तर वनविभागाकडून रीतसर घ्या. शाळेच्या नावावर विनापरवाना मोळी आणली असं व्हायला नको.

किती बांबू लागतील, हा हिशोब आठवीच्या मुलांकडूनच करून घ्या. ४ सेंटिमीटर व्यासाच्या मानवेलाचा घेर साधारण साडेबारा सेंटिमीटर. त्याच्या अर्ध्या-अर्ध्या करत सोळा फाका केल्या तर प्रत्येक फाक पावणेआठ मिलिमीटर रुंद येते, तासून सात. प्रत्येक फाकेतून कामाचे दोन थर निघतात, एक सालीकडचा आणि एक त्याच्या आतला. सगळ्यात आतला गर ठिसूळ असतो, तो टाकायचा. बांबूचा ४ मीटर भाग कामाचा धरला तर १६ गुणिले २ गुणिले ४, म्हणजे १२८ मीटर. यातला निम्मा भाग गाठींवर तुटण्यात आणि कमी-जास्त जाडीत वाया जातो असं धरून चाला. हाती येतात ६४ मीटर.

आता एका टोपलीला काय लागतं ते पाहा. बूड १५ सेंटिमीटर, उंची १०, तोंड १८. उभी कामटी बुडातून आरपार जाते आणि दोन्ही बाजूंनी वर चढते, म्हणून तिची लांबी १५ अधिक दोनदा १० अधिक काठात मुडपायला दोनदा ६, एकूण ४७ सेंटिमीटर. अशा आठ कामट्या म्हणजे पावणेचार मीटर. आडवी पट्टी अर्धी रुंद, तासून साडेतीन मिलिमीटर. फट धरून एक ओळ ४ मिलिमीटर घेते, म्हणजे १० सेंटिमीटर उंचीला २५ ओळी. सरासरी घेर ५२ सेंटिमीटर, म्हणून १३ मीटर. बुडाला आणखी चार मीटर. पट्टी वर-खाली जाते म्हणून दहा टक्के जास्त, एकूण १९ मीटर. दीड मीटरच्या पट्टीत दहा सेंटिमीटर सांध्यात जातात, तेव्हा चौदा पट्ट्या, म्हणजे २१ मीटर; पट्टी अर्धी रुंद म्हणून रुंद कामटीचे साडेदहा. एका टोपलीला रुंद कामटीच्या मापात साधारण सव्वाचौदा मीटर जातात. ६४ मीटरमध्ये चार टोपल्या होतात आणि थोडं उरतं. उरलेलं धरून तीस टोपल्यांना सात बांबू. सरावाच्या चटईला प्रत्येकी २५ सेंटिमीटरच्या २४ कामट्या, त्याला तीन बांबू. दोन जास्तीचे. बारा बांबू मागवा.

या एका हिशोबात पाय (π), सरासरी, शेकडेवारी आणि एकक रूपांतर येऊन गेलं. हेच गणित पुस्तकातून शिकवायला किती तासिका लागतात ते तुम्हाला माहीत आहे. अभ्यास मागे पडतो का, याचं उत्तर इथेच आहे. गणित टोपलीच्या आत शिरलं तर अभ्यास मागे पडत नाही. टोपली झाल्यावर तिच्याबद्दल निबंध लिहून घेतला, तर मात्र दोन्ही अर्धवट राहतात.

फाडण्याचं काम मावशींचं किंवा त्यांच्या घरच्या भाऊंचं. सहावी-सातवीच्या हाती तयार कामट्या द्यायच्या, आठवीला फक्त तासणं, तेही मावशींच्या शेजारी बसून, एका वेळी दोघांना. वर्गात दोनच सुरे हवेत आणि तास संपल्यावर ते मोजून कपाटात. पण फाडताना सगळ्यांनी पाहावं. बांबू नेहमी बरोबर मधून फाडतात: आधी दोन, मग चार, मग आठ. चीर मधून सरकून एका बाजूला जायला लागली की ती बाजू पातळ होत जाते आणि शेवटी तुटते. अशा वेळी जाड बाजूला जास्त वाकवायचं, चीर पुन्हा मधे येते. का येते हे मुलांना विचारा. चीर ज्या बाजूला जास्त ताण पडतो तिकडे वळते, हे त्यांना हातात धरूनच कळतं.

सुऱ्यापेक्षा जास्त जखमा कामटीच्या कडेने होतात. सालीकडची कड पात्यासारखी असते. कामटी मुठीतून सर्रकन ओढली की तळहात कापतो. म्हणून कामट्यांच्या कडा आधी सुऱ्याच्या पाठीने खरवडून घ्यायच्या, आणि ओढताना हातात जुन्या कापडाचा तुकडा. कुसळ काढायला चिमटा, जंतुनाशक आणि पट्टी त्याच खोलीत हवी. धनुर्वातासाठीची टीडी लस वयाच्या दहाव्या वर्षी दिली जाते. कोणाची राहिली आहे का, हे काम सुरू होण्याआधी आशाताईंकडून तपासून घ्या.

पहिले दोन आठवडे सपाट वीण. बारा उभ्या, बारा आडव्या, एक वर एक खाली. मग त्याच कामट्या सोडवून दोन वर दोन खाली, प्रत्येक ओळीत एक घर सरकवून. ही तिरपी वीण मुलांना फार शिकवते. कुठे चुकलं की तिरपी रेघ तिथेच मोडलेली दिसते आणि मूल स्वतःच चूक शोधून मागे जातं. सरांनी लाल पेन लावायची गरज उरत नाही. इथे घाई करू नका. ज्यांची तिरपी वीण पक्की झाली नाही, त्यांची टोपली बुडातच वाकडी होते.

टोपलीचं बूड चार आणि चार कामट्या एकमेकींत विणून सुरू करायचं. सोळा टोकं निघतात. पहिल्या दोन फेऱ्यांत चार-चार टोकं एकत्र धरून, मग दोन-दोन, मग एकेक सुटी करत पंख्यासारखी पसरवायची. एकच पट्टी सलग गोल फिरवायची असेल तर टोकांची संख्या विषम हवी. सोळा ठेवली तर दुसऱ्या फेरीतही पट्टी त्याच कामटीवरून त्याच बाजूने जाते, वीण बसतच नाही. म्हणून सोळांपैकी एका टोकाला उभं चिरून दोन करायची, सतरा होतात. हे आधी सांगू नका. सोळा टोकांवर दोन फेऱ्या घालू द्या, वीण का बसत नाही ते मुलांना शोधू द्या. सम-विषम संख्यांचा इतका चांगला उपयोग पुस्तकात मिळणार नाही.

बूड वर वळवताना सगळ्यात जास्त मोडतोड होते. कारण बहुतेक वेळा एकच असतं: वळण नेमकं गाठीवर आलेलं असतं. कामटी कापतानाच गाठ मधल्या बुडाच्या भागात किंवा टोकाकडे येईल असं माप धरायचं. टोकापासून १६ सेंटिमीटरवर वळण येतं, तिथे गाठ नको. वळणाची जागा गरम पाण्यात ओल्या केलेल्या फडक्याने दहा मिनिटं गुंडाळून ठेवायची आणि साल बाहेरच्या बाजूला राहील असं हळूहळू वाकवायचं.

दुसरी नेहमीची तक्रार: शनिवारी घट्ट विणलेली टोपली पुढच्या शनिवारी सैल. बांबू ओला असताना फुगतो, वाळला की आकसतो. फार वेळ भिजवलेल्या कामट्यांनी विणलं की वाळल्यावर फटी पडतात. पातळ पट्ट्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पुरेत, मग पाणी निथळून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या. बादलीत रात्रभर ठेवायच्या नाहीत. आणि काठ बांधण्याआधी टोपली आठवडाभर सावलीत वाळू द्या, ओळी बोटांनी खाली दाबून घ्या, वर जागा झाली तर दोन-तीन ओळी आणखी भरा, मग काठ.

काठाकडे शाळांत दुर्लक्ष होतं. प्रदर्शनाची तारीख जवळ येते, काठावर चिकटपट्टी लावून रंग फासला जातो आणि महिन्याभरात टोपली उसवते. टोपलीची सगळी ताकद काठात असते. आत एक आणि बाहेर एक अशी दीड सेंटिमीटर रुंदीची दोन कडी, बाहेरच्या कड्याची लांबी सांध्यासह ६५ सेंटिमीटर. उभ्या कामट्यांची टोकं एक सोडून एक मुडपून विणीत खोचायची आणि दोन्ही कडी पातळ पट्टीने किंवा सुतळीने घट्ट बांधायची. सहावीच्या मुलांचा काठ मावशींनी बांधून दिला तरी चालेल, पण काठाशिवाय टोपली घरी पाठवू नका.

घुणाचं काय? टोपलीखाली पिवळसर पीठ सांडलेलं दिसलं की घुण लागला समजा. तो बांबूतल्या पिठूळ भागासाठी, म्हणजे स्टार्चसाठी येतो. हिवाळ्यात तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे तलावात बुडवून ठेवला की त्यातला बराचसा भाग पाण्यात निघून जातो. वास येतो, पण खर्च नाही. विज्ञानाच्या तासाला दोन कामट्या घ्या, एक तशीच आणि एक पाण्यात ठेवलेली. दोन्हींच्या ताज्या कापावर आयोडिनचा थेंब टाका. निळाकाळा रंग कुठे जास्त चढतो ते मुलांनी पाहावं आणि त्याच दोन कामट्या पावसाळ्यापर्यंत कोनाड्यात ठेवून घुण कुठे लागतो तेही नोंदवावं. रासायनिक उपाय हवाच असेल तर १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड हे द्रावण वापरतात. ते मोठ्या माणसानेच, हातमोजे घालून करायचं, आणि भाकरी किंवा भाजी ठेवायच्या टोपलीला लावायचं नाही.

मूल्यमापन सुंदरतेवर करू नका. सपाट फरशीवर टोपली डुगडुगते का, टोकांची संख्या विषम आहे का, ओळींमधल्या फटी सारख्या आहेत का, एक किलो धान भरून काठाला धरून उचलली तर काठ सुटतो का, आणि वहीत मापं, वाया गेलेले मीटर व झालेल्या चुका लिहिल्या आहेत का, एवढं पुरे. वहीत कृती मुलांनी स्वतःच्या बोलीत लिहिली, गोंडी किंवा झाडीबोलीतले शब्द आले, तर ते कापू नका. मावशी वापरतात ते अवजारांचे, विणींचे शब्द तिथेच नोंदले जातात.

मानधनाबद्दल नेहमी एक गोष्ट सुटते. तीस मुलांसाठी कामट्या तयार करणं हे शिकवण्यापेक्षा जास्त वेळ खाणारं काम आहे. मावशींना फक्त शनिवारच्या दोन तासांचे पैसे दिले तर त्यांची उरलेल्या दिवसांची मजुरी बुडते, आणि तिसऱ्या आठवड्यात त्या येत नाहीत. मग आपण म्हणतो, कारागिरांना रस नाही. तयारीचे दिवस वेगळे मोजा, दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी देऊ नका. गाव पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रात असेल तर ५ टक्के अबंध निधीतून शिक्षणासाठी खर्च करता येतो. ठराव ग्रामसभेचा लागतो, म्हणून ऑगस्टच्या ग्रामसभेतच विषय मांडा. शिक्षकांना स्वतः हात बसवायचा असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि मेळघाटात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र ही दोन ठिकाणं पाहून यावीत अशी आहेत.

वर्धा, यवतमाळ, अकोल्याकडचे शिक्षक हेच वाचत असतील तर त्यांनी बांबू शोधत फिरू नये. तुमच्याकडे कापूस आहे. १०० ग्रॅम कापूस हाताने लोढला की साधारण ३३ ते ३६ ग्रॅम रुई निघते, बाकी सरकी. शेकडेवारी मुलांनी स्वतः काढावी. रुई पिंजून पेळू (कातायच्या जाड वाती) करायचे आणि टकळीवर सूत. टकळी वीसेक ग्रॅमची असावी. जड झाली तर धागा तुटतो, हलकी झाली तर फिरता फिरता थांबते. सुताचा अंक, म्हणजे त्याच्या बारीकपणाचं माप, काढणं हे उत्तम गणित आहे: १०० मीटर सूत ५ ग्रॅम भरलं तर एका किलोत २० किलोमीटर, म्हणजे मेट्रिक अंक २०. १,००० मीटरची एक गुंडी. नवशिक्याचं सूत जाड-बारीक येतं, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणचे दहा-दहा मीटर मोजून सरासरी घ्या. वर्ध्याचं ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय आणि सेवाग्रामची नई तालीमची आनंद निकेतन शाळा पाहून या. भंडाऱ्याकडे करवतकाठी साड्यांचे विणकर आहेत, पण हातमाग शाळेत आणू नका, तो जागा आणि पैसा दोन्ही खातो. लाकडी चौकटीला खिळे ठोकून केलेला छोटा माग ताणा-बाणा समजायला पुरतो.

दुसऱ्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं नाही. सातवीत गेलेल्या मुलांना सूप द्या, त्यात तिरपी वीण आणि वळणारा काठ दोन्ही येतात. आठवीत गेलेल्यांनी नव्या सहावीला बूड घालायला शिकवावं आणि तासायला बसावं. बांबू मागवण्याआधी गेल्या वर्षीच्या वह्या काढून वाया गेलेल्या मीटरची बेरीज करा. निम्मा वाया जातो असं आपण धरलं होतं. तुमच्या वर्गाचा खरा आकडा काय आला ते पाहून बाराचे दहा करायचे की चौदा, ते ठरवा.